कुंकवाच्या जाहिरातीपासून प्रसंगनिष्ठ विनोदापर्यंत : स्वरूप संपत यांच्या दूरदर्शन-वाटचालीचा एक विचार

प्रस्तावना

सौंदर्यस्पर्धेतील मुकुट, त्यानंतर जाहिराती आणि त्यानंतर चित्रपट हा आपल्याकडील अभिनेत्रींच्या वाटचालीचा एक रुळलेला क्रम आहे. 1970 साली झीनत अमान यांना मिळालेल्या यशानंतर हा क्रम विशेष दृढ झाला. या वाटेवर दूरदर्शनला स्थान नव्हते आणि विनोदाला तर मुळीच नव्हते. मॉडेल म्हणजे पाहण्याची वस्तू आणि विनोद म्हणजे ऐकण्याची व करण्याची गोष्ट, अशी एक विभागणी निर्मात्यांच्या आणि प्रेक्षकांच्याही मनात होती. सुंदर स्त्री आणि हसविणारी स्त्री या दोन निराळ्या व्यक्ती असतात, हा समज मराठी रंगभूमीवरही दीर्घकाळ टिकून होता, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

या समजाला 1984 साली एका मालिकेने शांतपणे छेद दिला. ती मालिका म्हणजे 'ये जो है जिंदगी' आणि ती अभिनेत्री म्हणजे मुंबईच्या स्वरूप संपत. 1979 च्या 'मिस इंडिया' असलेल्या या अभिनेत्रीने रेणू ही गृहिणी साकार केली आणि ती भूमिका घरोघरी ओळखीची झाली. तथापि या मालिकेविषयी जे बोलले आणि लिहिले जाते त्यात सतीश शाह यांची बदलती रूपे, राकेश बेदी यांचा बेकार मेहुणा आणि टिकू तलसानिया यांचा साहेब यांचीच आठवण प्रथम निघते. रेणूचा उल्लेख होतो तो बहुधा 'सुंदर पत्नी' एवढाच. हा उल्लेख अपुरा आहे. ज्या पात्राने स्वतः हशा वसूल केला नाही, त्या पात्रावाचून इतरांचा हशा उभाच राहिला नसता. आणि हे काम करण्याची क्षमता त्या अभिनेत्रीला मॉडेलिंगने काही अंशी मिळवून दिली होती, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांसमोर मांडण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. विष्णुपुरी येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात माध्यमविद्या आणि नाट्य हे विषय शिकविले जातात. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या भागांतील महाविद्यालयांतून छोट्या पडद्यावर जाण्याची इच्छा बाळगणारे विद्यार्थी आता अपवादात्मक राहिलेले नाहीत. त्यांच्या हाती कॅमेरा असतो आणि चेहरा कसा दाखवावा हेही त्यांना बऱ्यापैकी ठाऊक असते. समोरच्या पात्राचे ऐकावे कसे, हे मात्र कोणी सांगितलेले नसते.

मुकुट आणि कुंकू

स्वरूप संपत यांचा जन्म 1958 सालचा. त्यांचे वडील बचू संपत हे इंडियन नॅशनल थिएटर या नाट्यसंस्थेशी निगडित असलेले गुजराती रंगभूमीवरील कार्यकर्ते होते. म्हणजे घरात नाटक होते. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर पुढील वाटचाल केवळ नशिबाची वाटू लागते. मुंबईची गुजराती आणि मराठी रंगभूमी या दोन शेजारणी आहेत. नट, दिग्दर्शक, नाट्यगृहे आणि संहिता यांची देवघेव त्यांच्यात सतत चालत आली आहे. 'ये जो है जिंदगी'मधील रेणूचे पती रणजित साकारणारे शफी इनामदार हे तर रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीकडचे. त्यांची नटाची घडण मुंबईच्या बहुभाषिक रंगभूमीवरच झाली होती.

1979 साली स्वरूप संपत 'मिस इंडिया' झाल्या आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे भरलेल्या विश्वसुंदरी स्पर्धेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्या काळी या स्पर्धांभोवती आजच्यासारखा गाजावाजा नव्हता. 1994 नंतर सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांच्या विजयांनी जे वलय निर्माण केले, त्याची कल्पना 1979 साली कोणाला असणे शक्य नव्हते. मुकुट मिळाला म्हणून चित्रपटसृष्टीने पायघड्या घातल्या असेही झाले नाही.

सर्वसामान्य घरांत त्यांचा चेहरा पोचला तो निराळ्या मार्गाने. शृंगार कुंकवाच्या जाहिरातीतील मॉडेल म्हणून त्यांची ओळख झाली. या तपशिलाकडे आजवर गंमत म्हणूनच पाहिले गेले आहे, परंतु त्यात बरेच काही दडलेले आहे. कुंकू ही वस्तू विकण्यासाठी लागणारा चेहरा आणि विश्वसुंदरी स्पर्धेच्या मंचावरील चेहरा यांच्या अपेक्षा परस्परविरोधी असतात. मंचावरील चेहरा दूरचा हवा, अप्राप्य हवा. कुंकू लावणारा चेहरा घरातला हवा. पाहणाऱ्या बाईला तो आपल्या वहिनीचा, नणंदेचा किंवा शेजारच्या नव्या सुनेचा वाटला पाहिजे. एकाच व्यक्तीने हे दोन्ही चेहरे धारण केले. दूरदर्शनला त्यांतील दुसऱ्या चेहऱ्याची गरज होती.

प्रेक्षकाच्या मनात जाहिरातीतील ती स्त्री आणि मालिकेतील रेणू या दोन प्रतिमांनी एकमेकींना बळ दिले असणार. रेणू घरात वावरते, तिच्या कपाळावर कुंकू असते आणि ती सुंदर असूनही परकी वाटत नाही. येथे एक विलक्षण योगायोग नोंदविण्याजोगा आहे. 'ये जो है जिंदगी' ही मालिका विको या आस्थापनेने पुरस्कृत केली होती. केशव विष्णू पेंढरकर यांनी 1952 साली उभारलेली ही मराठी उद्योगसंस्था हळदीच्या मलमासाठी घरोघरी परिचित होती. पुरस्कर्ता हळदीचा आणि नायिका कुंकवाची! मराठी घरातल्या हळदीकुंकवाचा हा आधुनिक अवतार कोणी ठरवून घडविला नव्हता. तरीही प्रारंभीच्या पुरस्कृत मालिकांचे अर्थकारण कोणत्या घराला आणि घरातील कोणाला उद्देशून होते, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

चित्रपटातील दोन वर्षे

मधल्या काळातील चित्रपटांचा विचार थोडक्यात करता येईल. 1981 साली 'नाखुदा' आणि हृषीकेश मुखर्जी यांचा 'नरम गरम' हे चित्रपट आले. 1983 च्या 'हिम्मतवाला'मध्ये नायकाच्या बहिणीची भूमिका त्यांच्या वाट्याला आली. नायिका श्रीदेवी होत्या. मुख्य प्रवाहातील नायिका होण्याची वाट इथेच जवळजवळ बंद झाली, असे मागे वळून पाहता दिसते.

त्यांपैकी 'नरम गरम' मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. अमोल पालेकर आणि उत्पल दत्त ही 'गोलमाल'मधील जोडी येथे पुन्हा एकत्र आली होती. स्वरूप संपत यांची कुसुम ही बेघर झालेल्या वृद्ध पित्याची मुलगी. तिला आसरा देणारा तरुण, त्याचा मालक आणि मालकाचा भाऊ असे तिघेही तिच्यात गुंततात, आणि चित्रपटातील सारा विनोद या पुरुषांच्या फजितीतून निर्माण होतो. कुसुम स्वतः विनोद करीत नाही. ती मध्यभागी असते. तिच्याभोवती इतरांचा तोल जातो. तीन वर्षांनी रेणूच्या रूपाने जी रचना परिपक्व झाली तिचा आराखडा येथे तयार झालेला दिसतो. समीक्षकांचे आणि निर्मात्यांचे लक्ष तेव्हा तिकडे गेले नाही, कारण चित्रपटाच्या मोठ्या पडद्यावर उत्पल दत्त यांच्यासारखा नट समोर असताना दुसरीकडे लक्ष जाणे कठीणच होते.

1984 : दूरदर्शनचे वर्ष

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. दूरदर्शनवर जाहिराती दाखविण्यास 1976 च्या प्रारंभी सुरुवात झाली आणि 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले. ऑगस्ट 1983 मध्ये इन्सॅट-1 बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि त्याच्या आधारे 1984 मध्ये कमी शक्तीच्या प्रक्षेपकांचे जाळे देशभर इतक्या वेगाने पसरले, की काही महिने दिवसाला सरासरी एक प्रक्षेपक उभा राहत होता. महानगरांपुरते असलेले दूरचित्रवाणी हे माध्यम जिल्ह्याच्या गावी पोचले ते या टप्प्यात. छपरांवर अँटेना दिसू लागले. ज्याच्या घरी संच असे त्याच्या बैठकीच्या खोलीत शेजारपाजारची मंडळी सतरंजीवर दाटीवाटीने बसत. त्या प्रेक्षकवर्गाला मुंबईतील एका सदनिकेतील एका जोडप्याचे दैनंदिन जीवन दाखविणे, हा 1984 सालचा प्रयोग होता.

त्याच वर्षी जुलैत 'हम लोग' सुरू झाली होती. 'हम लोग'मध्ये बोध होता आणि अश्रूही होते. 'ये जो है जिंदगी'ने यांपैकी काहीच देऊ केले नाही. तिच्यात एक घर, त्यात नवरा-बायको, बायकोचा बेकार भाऊ आणि दाराची घंटा वाजवून येणारी माणसे एवढेच होते. लेखन हिंदीतील व्यंग्यकार शरद जोशी यांचे होते. शेतकरी संघटनेमुळे हे नाव महाराष्ट्रात निराळ्याच व्यक्तीचे म्हणून प्रसिद्ध आहे. उज्जैनचे हे शरद जोशी सर्वस्वी वेगळे. दिग्दर्शकांत कुंदन शाह यांचा समावेश होता. त्यांचा 'जाने भी दो यारो' आदल्याच वर्षी येऊन गेला होता आणि त्यात सतीश शाह यांनी प्रेताच्या भूमिकेतूनही प्रेक्षकांना हसविले होते. शीर्षकगीत किशोरकुमार यांच्या आवाजात होते.

मराठी प्रेक्षकाला दूरदर्शनवरील विनोद नवा नव्हता. मुंबई केंद्रावरील 'गजरा' हा कार्यक्रम आणि चिं. वि. जोशी यांच्या साहित्यावर बेतलेली 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका यांनी ती पार्श्वभूमी तयार केली होती. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ हे आजही स्मरणात आहेत. पण चिमणरावाच्या घरातील काऊ ही पत्नी आठवून पाहावी. तिचे असणे गृहीत धरलेले आहे. विनोदाचा भार दोन्ही पुरुषांवर आहे. म्हणजे हा प्रश्न हिंदी मालिकेपुरता मर्यादित नव्हता. प्रसंगनिष्ठ विनोदाच्या घरात स्त्रीने नेमके करायचे काय, याचे उत्तर मराठीतही दिले गेलेले नव्हते.

टेकू देणारे पात्र

प्रसंगनिष्ठ विनोदाची यंत्रणा समजून घेतल्याशिवाय रेणूचे महत्त्व ध्यानात येत नाही. विनोद म्हणजे अपेक्षेचा भंग. अपेक्षा भंगण्यापूर्वी ती कोणीतरी निर्माण करावी लागते आणि भंगल्यानंतर तिची नोंद कोणीतरी घ्यावी लागते. सोंगाड्या एकटा उभा राहिला तर त्याचे सोंग उघडे पडते. लोकनाट्यात त्याच्यासमोर गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारणारा कोणीतरी असतो, आणि त्याचा गांभीर्याचा आव जितका घट्ट तितका सोंगाड्याचा टोला वरचढ. हा टेकू देणारा नट प्रेक्षकांच्या टाळ्यांचा धनी होत नाही. फडातील जाणत्यांना मात्र त्याची किंमत ठाऊक असते.

'ये जो है जिंदगी'मध्ये सतीश शाह भागागणिक नवे पात्र घेऊन येत. वेश, बोली, वय, व्यवसाय सारे बदलत असे. असे पात्र प्रेक्षकाला पूर्वपरिचित नसते. त्याची ओळख होऊन त्याच्यावर हसू येण्यासाठी हाती मोजकीच मिनिटे असतात. अशा वेळी प्रेक्षक कोणाच्या नजरेतून त्याच्याकडे पाहतो? त्या घरातील स्थिर माणसाच्या नजरेतून. रेणू ही ती नजर आहे. रणजित चिडतो, भाऊ राजा भरकटतो, साहेब आरडाओरड करतो. रेणूचा चेहरा आधी आतिथ्य दाखवितो, मग शंका, मग अविश्वास, आणि अखेरीस नवऱ्याकडे टाकलेला एक कटाक्ष. चार भावांचा हा प्रवास काही क्षणांत आणि बहुतांशी शब्दांवाचून व्हावा लागतो. तो फसला तर समोरच्या नटाची सगळी मेहनत फुकट जाते.

येथेच मॉडेलिंगचा संबंध पोचतो. चित्रपट कलावंताला प्रसंग फुलविण्यास मिनिटे मिळतात, नाटकातील नटाला अंक मिळतात. जाहिरातीतील मॉडेलला मात्र वीस किंवा तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात अडचण, उत्सुकता, समाधान ही साखळी चेहऱ्यावर उमटवायची असते. कॅमेरा कोठे आहे याचे भान ठेवायचे आणि तो तेथे नाहीच असे वागायचे. प्रकाशयोजना बदलली म्हणून तोच भाव दहा वेळा, तितक्याच ताजेपणाने द्यायचा. शिवाय जाहिरातीतील मॉडेल स्वतःकडे लक्ष वेधून घेते ते दुसऱ्या कशाकडे तरी वळविण्यासाठी. कुंकवाच्या जाहिरातीत चेहरा पाहिला जातो, पण लक्षात राहावे लागते ते कुंकू. दुसऱ्याला उठाव देण्याचा हा सराव प्रसंगनिष्ठ विनोदातील टेकू देणाऱ्या पात्राच्या कामाशी अतिशय जुळणारा आहे. दूरचित्रवाणीचा पडदा लहान, त्यामुळे चेहऱ्याच्या समीपदृश्यांवर भिस्त अधिक. म्हणजे माध्यमही या कौशल्याला अनुकूल होते.

अर्थात केवळ मॉडेलिंगने हे साधत नाही. तसे असते तर प्रत्येक मॉडेल विनोदी अभिनेत्री झाली असती, आणि अनुभव तर नेमका उलटा आहे. संवाद केव्हा सोडायचा, समोरच्याचे वाक्य संपण्यापूर्वी किती श्वास थांबायचे, हशा उठल्यावर तो ओसरेपर्यंत चेहऱ्याचे काय करायचे, हे रंगभूमीच देते. नाटकाच्या घरात वाढलेल्या मुलीला ते ऐकून-पाहून लाभले असावे. शफी इनामदार यांच्यासारखा कसलेला रंगकर्मी समोर असणे हाही भाग्याचा भाग. चेहरा जाहिरातीने घडविला आणि कान रंगभूमीने, असे म्हणता येईल.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. स्मित आणि हसित ही उत्तम प्रकृतीच्या पात्रांची, अपहसित आणि अतिहसित ही अधम प्रकृतीच्या पात्रांची, अशी वाटणी भरताने केली आहे. आजच्या वाचकाला ही प्रतवारी खटकेल आणि ती खटकणे योग्यच आहे. परंतु एक निरीक्षण म्हणून ती उपयुक्त ठरते. एकाच नाट्यप्रयोगात हास्याच्या अनेक पट्ट्या एकाच वेळी वाजत असतात. 'ये जो है जिंदगी'मध्ये वरची पट्टी पुरुषपात्रांकडे होती, रेणूकडे स्मित होते. वरची पट्टी ऐकू येते ती खालचा स्वर धरून ठेवलेला असतो म्हणून. गायनाच्या बैठकीत तंबोऱ्याला दाद देण्याची पद्धत आपल्याकडे नाही, ही निराळी गोष्ट.

ल्युसीचे उदाहरण

अमेरिकेतील ल्युसिल बॉल यांची वाटचाल येथे तुलनेसाठी घेण्यासारखी आहे. न्यूयॉर्कमधील हॅटी कार्नेगी यांच्या वस्त्रदालनात त्या मॉडेल होत्या, एका सिगारेटच्या जाहिरातीतही झळकल्या आणि 1933 च्या सुमारास चित्रपटांत दाखल झाल्या. तेथे दीर्घकाळ दुय्यम भूमिका केल्यानंतर ऑक्टोबर 1951 मध्ये सुरू झालेल्या 'आय लव्ह ल्युसी' या मालिकेने त्यांना अफाट लोकप्रियता मिळवून दिली. मॉडेलिंग, चित्रपटातील अर्धेमुर्धे यश आणि त्यानंतर दूरचित्रवाणीवरील विनोद, असा हा क्रम स्वरूप संपत यांच्या वाटचालीशी जुळतो.

पण साम्य येथेच संपते. ल्युसी स्वतः गोंधळ घालते, तोंड विद्रूप करते, धडपडते, खोटे बोलून पकडली जाते. नवरा कपाळाला हात लावतो. म्हणजे गोंधळ स्त्रीचा आणि टेकू पुरुषाचा. आपल्याकडे तेहेतीस वर्षांनी जी मालिका आली तिच्यात गोंधळ पुरुषांचा आणि टेकू स्त्रीचा. एका परीने हे रेणूच्या बाजूचे आहे, कारण घरातील शहाणपण तिच्याकडे सोपविले गेले. दुसऱ्या परीने पाहता चुकण्याचा, हास्यास्पद होण्याचा अधिकारच तिला नाकारला गेला. गृहिणीचे शहाणपण हे आपल्या समाजात अनेकदा बक्षीस म्हणून दिलेले ओझे असते. अभिनेत्रीची क्षमता कमी होती म्हणून हे घडले नाही. सुंदर चेहरा विद्रूप झालेला पाहण्याची आपल्या प्रेक्षकाची तयारी नव्हती, आणि पुरस्कर्त्याची तर नव्हतीच. हळदीचे मलम विकणाऱ्याला नितळ चेहरा हवा होता.

पुढे त्या जागेचे काय झाले

रेणूची जागा पुढील मालिकांत दोन तुकड्यांत विभागली गेलेली दिसते. 1988 मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवर आधारित 'वागले की दुनिया' आली. कुंदन शाह यांचेच दिग्दर्शन असलेल्या या मालिकेत पत्नीची भूमिका भारती आचरेकर यांनी केली. ती भूमिका उत्कृष्टच होती; पण तिच्यात मॉडेलचा चेहरा अपेक्षित नव्हता, रंगभूमीवरील तयारी अपेक्षित होती. 1994 च्या 'तू तू मैं मैं'मध्ये रीमा लागू आणि सुप्रिया पिळगावकर या दोन मराठी अभिनेत्रींनी सासू-सुनेच्या भांडणातून गोंधळाचा अधिकार अखेर स्त्रियांकडे आणला. हा टप्पा महत्त्वाचा आहे आणि त्याचे स्वतंत्र मूल्यमापन व्हावयास हवे.

दुसरा तुकडा मात्र तितका सुखावह नाही. त्याच सुमाराच्या 'श्रीमान श्रीमती'मध्ये रीमा लागू या गृहिणी होत्या आणि अर्चना पूरणसिंग या झगमगीत शेजारीण. दोन घरांतील नवरे एकमेकांच्या बायकांवर लुब्ध, हे त्या विनोदाचे सूत्र. येथे देखणी स्त्री विनोदाचे निमित्त झाली. पुरुषाच्या लाळघोटेपणावर आपण हसतो हे खरे, परंतु कॅमेराही त्या पुरुषाच्याच नजरेने पाहत असतो, हे त्याहून खरे. 2015 साली सुरू झालेल्या 'भाभीजी घर पर हैं' या मालिकेने हेच सूत्र नव्याने वापरले. त्यात प्रारंभी अंगुरीची भूमिका शिल्पा शिंदे यांनी केली आणि 2021 मध्ये काही काळ अनिताच्या भूमिकेत नेहा पेंडसे दिसल्या. या मराठी अभिनेत्रींच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शिल्पा शिंदे यांची अंगुरी ही तर उच्चारांच्या बारकाव्यांवर उभी असलेली भूमिका होती. तथापि पाहिली जाणारी स्त्री आणि पाहणारी स्त्री यांतील जे अंतर रेणूने मिटविले होते, ते पुन्हा पडले. रेणूकडे पाहिले जात होते; पण मालिकेतील वेडेपणाकडे आपण तिच्या डोळ्यांनी पाहत होतो.

या संदर्भात प्रिया तेंडुलकर यांचे एक उदाहरण मोठे बोलके आहे. नाटककार विजय तेंडुलकरांच्या या कन्येने उमेदीच्या काळात हवाई सुंदरीची नोकरी, वृत्तनिवेदन यांबरोबर थोडे मॉडेलिंगही केले होते. 1985 च्या 'रजनी'ने त्यांना देशभर कीर्ती मिळाली. पुढे 1995 मध्ये 'हम पाँच' या विनोदी मालिकेत त्यांनी अशोक सराफ यांच्या दिवंगत पहिल्या पत्नीची भूमिका केली. ही पत्नी भिंतीवरील तसबिरीतून नवऱ्याशी बोलत असे! हातवारे नाहीत, हालचाल नाही, केवळ चौकटीतला चेहरा आणि आवाज. छायाचित्र आणि विनोद यांची अशी शब्दशः गाठ क्वचितच पडली असेल. ज्या अभिनेत्रीने रजनी म्हणून कार्यालयांचे उंबरे झिजविले तिला चौकटीत बसवून हसवायला लावणे, यातील उपरोध मालिकाकर्त्यांच्या ध्यानात होता की नाही हे सांगणे अवघड आहे. प्रिया तेंडुलकर यांचे 2002 मध्ये अकाली निधन झाले.

वर्गातील रंगमंच

'ये जो है जिंदगी'ची पात्रयोजना पुढे बदलत गेली. फरिदा जलाल यांच्यासारख्या कलावंत तिच्यात आल्या. 1987 मध्ये स्वरूप संपत यांचा विवाह अभिनेते परेश रावल यांच्याशी झाला. त्यानंतर त्यांच्या कामाची दिशा हळूहळू बदलली. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांची जीवनकौशल्ये नाट्याच्या साहाय्याने कशी वाढविता येतील, या विषयावर त्यांनी इंग्लंडमधील वूस्टर विद्यापीठात संशोधन करून विद्यावाचस्पती पदवी संपादन केली. 2019 च्या जागतिक शिक्षक पुरस्कारासाठी अंतिम दहा शिक्षकांत त्यांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या नावापुढे गुजरातमधील लवाड येथील प्राथमिक शाळेचा उल्लेख होता. पुढच्याच वर्षी, 2020 मध्ये, हा पुरस्कार सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना मिळाला आणि महाराष्ट्रात त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. आदल्या वर्षी त्याच यादीत एक माजी 'मिस इंडिया' होती, हे फारसे कोणाला स्मरत नाही.

या संशोधनाची आणि रेणूच्या भूमिकेची सांगड घालणे हा अनुमानाचा भाग आहे. तरीही ते अनुमान अगदीच निराधार नाही. अध्ययन-अक्षम मुलाबरोबर नाट्यखेळ खेळणाऱ्या शिक्षकाने स्वतः टाळी घ्यायची नसते. मूल अडखळत एक क्रिया करते. शिक्षकाने ती पाहायची, तिला प्रतिसाद द्यायचा, पुढच्या क्रियेसाठी जागा करून द्यायची. शिक्षकाचा चेहरा हेच त्या मुलाचे प्रेक्षागृह असते. अपयशाची भीती तेथे बोलण्याने जात नाही, समोरच्या चेहऱ्यावर निराशा न दिसल्याने जाते. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत याला मोठी नावे आहेत. रंगभूमीवर मात्र त्याला टेकू देणे एवढेच म्हणतात, आणि स्वरूप संपत हे काम 1984 पासून करीत होत्या.

अभिनय त्यांनी पूर्णपणे सोडला नाही. 'साथिया' (2002), गुजराती 'सप्तपदी' (2013), 'की अँड का' (2016) आणि 'उरी' (2019) या चित्रपटांत त्या दिसल्या. त्यांपैकी हिंदी चित्रपटांतील भूमिका आईच्या होत्या. 2021 मध्ये अरविंद अडिगा यांच्या कादंबरीवर आधारित 'द व्हाइट टायगर' हा चित्रपट आला. कादंबरीत पुरुष असलेले 'महान समाजवादी' हे लाचखोर राजकारण्याचे पात्र चित्रपटात स्त्री झाले आणि ते स्वरूप संपत यांच्याकडे आले. हे पात्र शहाणे नाही, सोशिक नाही, दुसऱ्याच्या विनोदाला टेकू देणारेही नाही. ते गरिबांच्या नावाने बोलते, पैशांच्या पेट्या मागते आणि समोरच्या धनिकांना घाम फोडते. तेव्हा त्यांनी वयाची साठी ओलांडलेली होती.